दुकान हलवण्याआधीचा सेल: सरसकट ५० टक्के लावण्याआधी एवढं बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तालुक्याच्या गावी पेठेत चाळीस वर्षांचं कापड दुकान आहे. साड्या, सूटिंग-शर्टिंग, रेडिमेड, चादरी-टॉवेल, आणि एका कोपऱ्यात अस्तर, फॉल, दोरे, बटणांचं काउंटर. इमारत पुनर्विकासाला जातेय आणि यंदाच्या, म्हणजे २०२६ च्या दसऱ्यापर्यंत जागा मोकळी करून द्यायची आहे. नवी जागा स्टँड रोडला मिळालीय, पण ११०० चौरस फुटांऐवजी ६५० ची. माल पडतळीने, म्हणजे तुम्हाला खरेदीला पडलेल्या भावाने, अंदाजे ३८ लाखांचा. तुम्हाला वाटतं, सरसकट ५० टक्क्यांचा सेल लावून मोकळं व्हावं. वडील म्हणतात, सेलचा बोर्ड लागला की बाजारात पत जाते.

वडिलांची भीती खरी आहे, फक्त ती कुणाच्या बाबतीत खरी आहे ते पुढे सांगतो. तुमची घाईसुद्धा मला समजते. पण सरसकट ५० टक्के हा आकडा मात्र डोक्यातून काढून टाका. सरसकट सूट दिली की पहिल्या आठवड्यात तुमचा सगळ्यात चांगला माल जातो आणि जो जायला हवा होता तोच टेम्पोत भरून नव्या दुकानात न्यावा लागतो. सांगली-कोल्हापूर भागात कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलं. दुकान हलवणारे बरेच बघितले, काहींच्या सेलला काउंटरवर उभाही राहिलो. नव्या जागेत पहिल्याच वर्षी रडकुंडीला आलेले बहुतेक जण असे होते की सेलमध्ये धंदा भरपूर झाला, पण मांडणीवर उरला तो नुसता पडीक माल, आणि दिवाळीच्या खरेदीला हातात पैसा नाही.

म्हणून सुरुवात सेलपासून करू नका, नव्या दुकानाच्या मोजमापापासून करा. सुताराला घेऊन जा आणि किती कप्पे बसतात, किती फूट हँगरचे दांडे बसतात ते लिहून काढा. घडी घातलेली साडी आणि हँगरला लावलेला कुर्ता यांना लागणाऱ्या जागेत फार फरक असतो, त्यामुळे जागा ६० टक्के मिळाली म्हणून ६० टक्के माल मावेल असा हिशेब चालत नाही. साड्या आणि ताके उंच मांडणीवर चढवता येतात. रेडिमेड मात्र डोळ्यासमोर लटकलेलंच विकलं जातं. माझ्या अंदाजाने तुमच्या ३८ लाखांपैकी २० ते २२ लाखांचाच माल तिथे नीट दिसेल. उरलेला तिथे नेऊन पोटमाळ्यावर टाकलात तर त्याचं भाडं तुम्ही दर महिन्याला भरत राहाल.

आता माल वेगळा काढायचा. इथे वडिलांना बसवा, कारण कोणता ताका कधी आला हे कॉम्प्युटरपेक्षा त्यांच्या लक्षात जास्त असेल. चिठ्ठीवर तुमच्या दुकानाचा जो गुप्त अक्षरांचा भाव असेल त्यावरून पडतळ कळेलच. पण मला पडतळीपेक्षा वय महत्त्वाचं वाटतं. एक वर्षाच्या आतला, एक ते दोन वर्षांचा, आणि दोन वर्षांवरचा असे तीन ढीग करा.

यात एक अपवाद आधी बाजूला काढा. अस्तर, फॉल, परकराचं कापड, मॅचिंगचे ब्लाऊजपीस, खण, पंचे, धोतर, साधे टॉवेल, सोलापुरी चादरी, दोरे, बटणं, चेन. हा माल जुना झाला असं होत नाही. त्यात नफा कमी दिसतो, पण गावातले सगळे शिंपी आणि घरी शिवणकाम करणाऱ्या बायका याच काउंटरसाठी आठवड्यातून दोनदा येतात आणि येता-जाता बाकीचं घेतात. यावर एक पैशाची सूट देऊ नका आणि नव्या दुकानात याला आत कोपऱ्यात नाही, दाराजवळ जागा द्या. सेलच्या गर्दीत हे काउंटर चार दिवस जरी बंद ठेवलंत तरी शिंपी दुसरीकडे जातो, आणि एकदा गेलेला शिंपी परत येत नाही.

दुसरा अपवाद लग्नाचा माल. यंदा अधिक ज्येष्ठ आला, १७ मे ते १५ जून. त्या महिन्यात लग्नं नव्हती. जावयाला वाण द्यायच्या निमित्ताने धोतर, शर्टपीस, लेकीला साडी असं काही खपलं असेल, पण बस्त्याचा माल मात्र तुमच्याकडे नेहमीपेक्षा जास्त शिल्लक असणार. तो बघून घाबरू नका. तो पडीक नाही, त्याची वेळ चुकलीय एवढंच. तुळशीच्या लग्नानंतर तोच माल पूर्ण भावाने जाईल, तेव्हा चांगल्या शालू-पैठण्या, फेट्यांचं कापड, नवरदेवाचे कपडे हे सरळ नव्या दुकानाच्या यादीत घाला.

सेलमध्ये सगळ्यात आधी जायला हवा तो नासणारा माल. कापड नासत नाही असं बाहेरच्यांना वाटतं. घडीवर पिवळी रेघ आलेला पांढरा शर्टपीस, काळी पडायला लागलेली साडीची जर, वर्षानुवर्षं एकाच घडीत राहून घडीवर विरायला लागलेलं रेशीम, इलॅस्टिक सैल पडलेली होजिअरी, कसर लागलेले लोकरीचे नग, हे सगळं दर महिन्याला थोडं थोडं मरत असतं. रेशमी साड्या प्रत्येकी उलगडून बघा. घडीवर फाटणारी साडी कितीही स्वस्त असली तरी सेलमध्ये विकू नका, ती सहा महिन्यांनी एखाद्या बारशात फाटेल आणि तेव्हा तुमचंच नाव निघेल. त्यानंतर येतो तुटक्या साइजचा रेडिमेड. एका डिझाइनमध्ये नुसते एस आणि डबल एक्सएल उरलेत, लहान मुलांच्यात फक्त १६ नंबर उरलाय, असे नग. जुन्या कटच्या जीन्स. आणि ताक्यांचे शेवट.

ताक्यांच्या शेवटांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथे पैसा लपलेला असतो. साडेचार मीटर उरलेला ताका सेलमध्ये मीटरवर विकायला ठेवला की गिऱ्हाईक दोन मीटर मागतं आणि तुमच्याकडे अडीचचा तुकडा पुन्हा पडून राहतो. आधीच कापून ठेवा. ५८ इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, शर्टिंगचे १.६० चे, सूटिंगचे १.२० चे पीस, ३६ पन्हा असेल तर शर्टाला सव्वादोन ते अडीच मीटर. पिसावर 'एक शर्ट', 'एक पँट' असं मराठीत लिहा. मीटरचा हिशेब करणारी पिढी कमी होत चाललीय, पण एका शर्टाचं कापड म्हटलं की सगळ्यांना कळतं. त्याहून लहान तुकडे जुळणाऱ्या रंगांचे गठ्ठे करून वजनावर द्या. गोधड्या शिवणाऱ्या बायका ते घेऊन जातात.

सेल जाहीर करण्याआधी एक काम राहिलं, ते म्हणजे व्यापाऱ्यांशी बोलणं. वडील म्हणतात ती पत इथली आहे. गिऱ्हाइकाला सेल बघून आनंदच होतो. पण कोल्हापूरजवळच्या गांधीनगरचा होलसेलवाला, इचलकरंजीचा कापडवाला, मुंबईच्या मंगलदास मार्केटमधला तुमचा दलाल, यांच्या कानावर 'अमक्याने सगळा माल काढायला लावला' एवढंच गेलं तर त्याचा अर्थ एकच निघतो: दुकान बसलं. मग दोन दिवसांत येणी मागायला फोन सुरू होतात आणि दिवाळीचा माल रोखीशिवाय मिळत नाही. म्हणून बोर्ड लागायच्या आधी वडिलांनी स्वतः फोन करावेत. नवी जागा कुठे घेतली, उद्घाटन केव्हा, दिवाळीची ऑर्डर साधारण किती, एवढं सांगितलं की काम झालं. त्याच फोनवर मागच्या हंगामातला हात न लावलेला माल परत घेणार का किंवा बदलून देणार का, तेही विचारा. आपल्या धंद्यात माल परत घेण्याची रीत आहेच. जुनी ओळख असेल तर व्यापारी काही ना काही घेतो, आणि परत गेलेला प्रत्येक नग सेलमधल्या तोट्यातून वाचतो. क्रेडिट नोट मात्र कागदावर घ्या, तोंडी नको.

आता सूट देण्याचा हिशेब. समजा एका ड्रेसवर छापील किंमत १००० रुपये आहे आणि कर सोडून तो तुम्हाला ६२० ला पडलाय. बरेच दुकानदार म्हणतात, ३८० सुटतात. सुटत नाहीत. छापील किमतीत जीएसटी धरलेला असतो. ५ टक्क्यांनी तो बाहेर काढला की तुमच्या हातात ९५२ येतात, म्हणजे सुटले ३३२. आता २० टक्के सूट द्या. ८०० ला विकलात, कर काढून ७६२, सुटले १४२. म्हणजे आधी एक नग विकून जे मिळत होतं तेवढ्यासाठी आता अडीचच्या आसपास नग विकायला हवेत. ३० टक्क्यांवर जेमतेम ४७ रुपये राहतात, तेव्हा नग हवेत सात. आणि ३५ टक्क्यांवर तुम्ही पडतळीच्या खाली आलात, लाइट बिल आणि पगार वेगळेच. तालुक्याच्या गावात सेल लावला म्हणून विक्री दुप्पट-अडीचपट होऊ शकते, सातपट होत नाही.

म्हणून एक वर्षाच्या आतल्या, चालू मालाला १० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. खरं तर शून्यच ठेवा आणि तो नव्या दुकानात न्या. एक ते दोन वर्षांच्या मालाला २० ते २५. आणि दोन वर्षांवरच्या मालाला टक्केच लावू नका. त्याची पडतळ विसरून जा. ते पैसे दोन वर्षांपूर्वीच गेलेत, आता प्रश्न एवढाच की तो रोख होऊन दिवाळीच्या मालात बदलतो की पोटमाळ्यावर जातो. असा माल टेबलांवर एकाच भावाने मांडा. ९९ चं टेबल, १९९ चं टेबल, २९९ चं टेबल. खेड्यातून आलेली आजी '४० टक्के' वाचून विचारते, 'म्हंजी किती?' आणि तुमचा माणूस प्रत्येक नगाला कॅल्क्युलेटर काढत बसतो. १९९ म्हटलं की विषय संपला, घासाघीसही संपली. मध्यम साड्या सुट्या विकण्याऐवजी पाच-पाचचे गठ्ठे करून 'आहेराच्या साड्या' म्हणून ठेवा. पुढच्या हंगामात घरात लग्न असलेली माणसं त्या आत्ताच घेऊन ठेवतात. टॉवेल-टोपीचंही तसंच.

एक गमतीची गोष्ट रेडिमेडच्या बाबतीत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के जीएसटी आणि त्यावरच्याला १८ टक्के असे दर आहेत. ही मर्यादा कर सोडून ज्या भावाने तुम्ही प्रत्यक्ष विकता त्यावर मोजतात. म्हणजे कर सोडून २८०० चा शेरवानीचा सेट गिऱ्हाइकाला ३३०४ ला पडतो. तोच तुम्ही २५०० वर आणलात तर बिल होतं २६२५. तुम्ही सोडले ३००, गिऱ्हाइकाचे वाचले ६७९. २५०० ते ३००० च्या पट्ट्यातला प्रत्येक रेडिमेड नग या नजरेने तपासा. तिथे थोडी सूट फार मोठी दिसते. साड्या आणि मीटरचं कापड यांना ही मर्यादा नाही, ते ५ टक्क्यांतच आहेत. चादरी-बेडशीटला मात्र मर्यादा लागू आहे. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाही, कारण तुम्ही गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेऊच शकत नाही.

कराचं बोलतोय तर बाकीचंही उरकतो. सूट बिलावर दिसली पाहिजे, तरच कर सूट वजा जाऊन लागतो. 'एकावर एक फ्री' लावलंत तर जीएसटीच्या २०१९ च्या खुलाशाप्रमाणे ते एका किमतीत दोन नग असं धरतात, खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट जात नाही. पण उरलेला माल आश्रमाला किंवा कुणाला फुकट वाटलात, किंवा खराब म्हणून खात्यातून काढून टाकलात, तर त्या नगांवर घेतलेलं क्रेडिट परत भरावं लागतं. वाटू नका असं नाही, सीएला सांगून वाटा. नव्या पत्त्यासाठी जीएसटीच्या नोंदणीत बदल करायचा तो १५ दिवसांच्या आत. माझा सल्ला, नवी जागा आत्ताच 'अतिरिक्त जागा' म्हणून जोडून घ्या, भाडेकरार आणि मालकाचं लाइट बिल लागेल. म्हणजे सामान हलवायच्या दिवशी कागद अडत नाहीत. एकाच जीएसटी नंबरखाली एका जागेतून दुसरीकडे माल नेला तर कर लागत नाही, डिलिव्हरी चलन मात्र करा, आणि राज्यातल्या राज्यात एका खेपेत एक लाखाच्या वरचा माल असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद. विमा कंपनीलाही आधी कळवा. दुकानाचा विमा पत्त्यावर असतो. नव्या जागेत माल ठेवलात आणि पॉलिसीवर जुनाच पत्ता राहिला तर आग लागल्यावर काय उत्तर येईल ते सांगायला नको.

वेळेचं पंचांग तुमच्या बाजूने आहे. आषाढी एकादशी २५ जुलैला. त्यानंतर पेरण्या उरकलेल्या असतात, लग्नं बंद, शाळांचे गणवेश घेऊन झालेले, दुकानं ओस असतात. आषाढात सेल ही गिऱ्हाइकालाही सवयीची गोष्ट आहे. तिथे सुरू करा आणि राखीपौर्णिमेनंतर, म्हणजे ३० ऑगस्टच्या रविवारी बंद करा. पाच आठवडे पुरे. १४ सप्टेंबरला गणपती आहेत, त्याआधीचे दहा-बारा दिवस चांगल्या विक्रीचे असतात आणि त्या वेळी दुकान सेलच्या अवतारात नको. तेव्हा निवडून ठेवलेला माल पूर्ण भावाने विका. २७ सप्टेंबरपासून पितृपक्ष. नवे कपडे कुणी घेत नाही, दुकान तसंही रिकामं. घरी मान्य असेल तर या पंधरवड्यात माल हलवा. टेम्पो मिळतो, हमाल मोकळे असतात. मान्य नसेल तर निदान ताके आणि चादरी अनंत चतुर्दशीच्या आत नेऊन टाका. ११ ऑक्टोबरला घटस्थापना, २० ला दसरा. दसऱ्याला जागा द्यायची म्हणून दसऱ्यालाच नवं दुकान उघडायचं असं करू नका. घटस्थापनेला शटर वर गेलं की नऊ दिवसांत रंगांच्या साड्या खपतात, माणसांना मांडणीची सवय होते, आणि ८ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाआधीची खरी गर्दी येईपर्यंत दुकान लायनीवर आलेलं असतं.

सेल वाढवायचा नाही. पहिल्या दिवशी बोर्डवर शेवटची तारीख लिहा आणि त्या तारखेला बोर्ड उतरवा. प्रत्येक मोठ्या गावात एखादं तरी दुकान असतं ज्याचा 'दुकान खाली करायचे आहे' हा फ्लेक्स तीन पावसाळे खाऊन फिका पडलेला असतो, आणि लोक त्याची चेष्टा करतात. नुसती चेष्टाच नाही. खोट्या कारणाचा सेल, आधी किंमत वाढवून मग सूट दाखवणं, 'पर्यंत' हा शब्द मुंगीएवढा छापून ७० टक्के मोठ्याने लिहिणं, हे ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत येऊ शकतं आणि दंडाची मर्यादा पहिल्या वेळेला १० लाखांपर्यंत आहे. छापील किमतीवर सेलचं स्टिकर लावताना कंपनीची मूळ किंमत झाकायची नाही, कमी केलेली किंमत बाजूला चिकटवायची. 'विकलेला माल परत घेणार नाही' ही पाटीही काढून ठेवा. सदोष नग बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. नग आवडला नाही म्हणून बदलून द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा. मी असतो तर ३० ऑगस्टनंतर बदलायला नव्या दुकानात बोलावलं असतं.

आणि सेलसाठी माल भरू नका. दुसऱ्या आठवड्यात टेबलं रिकामी दिसायला लागतात, गर्दी असते, आणि कुणीतरी येऊन सांगतं की उल्हासनगरहून किलोवर माल येतो, दोन गाठी टाका, दोन दिवसांत जातील. जातीलही. पण तुमच्या नावावर चाळीस वर्षांत कधी न गेलेला माल तुमच्या पिशवीतून जाईल, पहिल्या धुण्यात रंग सोडेल, आणि नव्या दुकानात पाऊल टाकण्याआधी लोकांना तोच आठवेल. टेबलं रिकामी झाली की टेबलं कमी करा.

रोजच्या कामात तीन-चार गोष्टी सांभाळा. उधारी पूर्ण बंद. उलट ज्यांच्याकडे जुनी बाकी आहे त्यांना फोन करून सांगा की अर्धी बाकी भरली तर सेलच्या भावात माल मिळेल. दुकान हललं की 'तिकडे यायलाच जमलं नाही' हे कारण त्यांना आयतं मिळतं, त्याआधी जे येईल ते घ्या. माणसांना पहिल्याच दिवशी सांगा की नोकरी नव्या दुकानातही आहे. हे सांगितलं नाही तर सेलच्या मध्यावर तुमचा जुना सेल्समन समोरच्या दुकानात गेलेला असेल आणि त्याच्याबरोबर त्याची गिऱ्हाइकं. दोन वर्षांवरच्या मालावर नगामागे पाच-दहा रुपये त्यांना द्या. जुना माल विकायची ताकद डिस्काउंटपेक्षा काउंटरवरच्या माणसात जास्त असते. त्याने तो तिसऱ्यांदा उलगडून दाखवायला हवा, आणि पाच रुपयांत तो दाखवतो. ट्रायल रूमपाशी एक विश्वासू माणूस बसवा.

गिऱ्हाईक नेण्याचं काम सेलच्या पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, कारण त्या पाच आठवड्यांत जेवढी माणसं तुमच्याकडे येतील तेवढी नंतर वर्षभरात येणार नाहीत. प्रत्येक बिलावर नवा पत्ता, खुणेसह. स्टँड रोड म्हणजे काय, कोणत्या दवाखान्यासमोर, कोणत्या बँकेशेजारी. फोन नंबर विचारून वहीत घ्या आणि शेजारी गावाचं नाव लिहा. पिशव्यांसाठी माझी एक आवडती युक्ती आहे. प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच, तेव्हा पडीक सूटिंगचे जाड ताके गावातल्या बचत गटाला शिवायला द्या आणि त्यावर नवा पत्ता छापून घ्या. न विकलं जाणारं कापड तुमची जाहिरात घेऊन दोन-तीन वर्षं भाजी मंडईत फिरतं. फ्लेक्स लावणार असाल तर नगरपालिकेची परवानगी काढा आणि थोडेच लावा.

बस्त्याची गिऱ्हाइकं वेगळी धरा. ती बोर्ड वाचून येत नाहीत, 'आपलं दुकान' म्हणून घराच्या सवयीने येतात, चार-पाच वर्षांतून एकदा, जीपभर माणसं घेऊन. ती पुढच्या वेळी जुन्या पेठेत येतील, तिथे पत्रे लागलेले बघतील आणि समोरच्या दुकानात शिरतील. वडिलांच्या जुन्या वह्यांतून मोठ्या बस्त्यांची घरं काढा आणि वडिलांनाच घेऊन त्या गावांना एकदा जाऊन या, उद्घाटनाचं आमंत्रण हातात द्या. सेलवरचा सगळा खर्च एकीकडे आणि या फेऱ्यांचं पेट्रोल एकीकडे, यात निवडायचं झालं तर मी पेट्रोल निवडेन. शिंप्यांनाही तसंच, प्रत्येकाला स्वतः भेटून. आणि पुनर्विकासाच्या करारात बिल्डरकडून एवढं लिहून घ्या की बांधकामाच्या पत्र्यांवर तुमच्या नव्या पत्त्याचा बोर्ड इमारत पूर्ण होईपर्यंत राहील. आता मागितलंत तर तो फुकट देईल, सही झाल्यावर मागितलंत तर नाही. गुगल मॅपवर दुकान 'बंद' करून नवं काढू नका, जुन्याचाच पत्ता बदला, म्हणजे जुने अभिप्राय राहतात. नव्या दुकानाची पाटी रंगवताना मराठी नाव आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नाही, हा नियम आता छोट्या दुकानांनाही आहे.

३० ऑगस्टला रात्री जे उरेल ते मोजा. दोन वर्षांवरचा माल अजून लाखभराचा उरला तरी वाईट वाटून घेऊ नका, तेवढा उरतोच. लॉट घेणारे येतील आणि पडतळीच्या चौथाईलाही घ्यायला कुरकुरतील. आधी आठवडी बाजारात बसणाऱ्या दोन-तीन विक्रेत्यांना बोलवा, त्यांना बनियन, मुलांचे कपडे, साधे कुर्ते हवे असतात आणि ते लॉटवाल्यापेक्षा बरा भाव देतात. त्यांनी नको म्हटलेला माल लॉटवाल्याला द्या, पण आधी त्यावरच्या तुमच्या दुकानाच्या चिठ्ठ्या आणि लेबलं माणसं बसवून काढून घ्या. बिल करा, पैसे खात्यात घ्या, आणि दिवाळीच्या मालाची पहिली ऑर्डर त्याच आठवड्यात टाका, कारण सप्टेंबर अर्धा गेला की चांगल्या डिझाइनचे ताके होलसेलमध्ये उरत नाहीत.